जर्दाळूचा रोगप्रतिकारक आणि दर्जेदार वाण कसा घडवावा: पालकनिवडीपासून नोंदणीपर्यंत

जर्दाळूच्या एका फुलावर हाताने पराग लावल्यापासून त्या संकराचं कलम बागायतदाराच्या हातात पडेपर्यंत साधारण १२ ते १५ वर्षं जातात. त्यातलं संकराचं काम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. उरलेला सगळा काळ झाडं पारखण्यात आणि उपटून टाकण्यात जातो. संकराच्या पद्धतीवर भरपूर लिहिलं जातं, पण कोणतं रोप कधी आणि कशाच्या आधारावर बाद करायचं यावर फार कमी. या लेखाचा भर त्यावर आहे. माझा क्रम असा: जी चाचणी स्वस्त आणि खात्रीची ती आधी, महागडी आणि वेळखाऊ ती नंतर, चव सर्वांत शेवटी. पण वाण ठेवायचा की नाही याचा निकाल चवीवरच द्यायचा. आंबट-पिठूळ फळ देणारं निरोगी झाड दुसऱ्यांदा कुणी लावत नाही.

आधी शत्रू निवडा

जर्दाळूवर येणाऱ्या रोगांची यादी लांबलचक आहे. सगळ्यांविरुद्ध एकदम पैदास करायला निघालात तर हाती काही लागत नाही, कारण प्रत्येक नवी अट रोपांची संख्या निम्म्याने किंवा त्याहून जास्त कापते. दोन रोग अनिवार्य धरा, बाकीच्यांसाठी फक्त ‘अतिसंवेदनशील नको’ एवढीच अट ठेवा.

शार्का हा यातला सर्वांत घातक. प्लम पॉक्स विषाणूमुळे होणाऱ्या या रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९३२ मध्ये बल्गेरियात प्लमच्या झाडांवरून झालं आणि तिथून तो युरोपभर पसरला. १९९९ मध्ये तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातही सापडला. मावा तो झाडावरून झाडावर नेतो. मावा रस शोषायला बसला की काही क्षणांत विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडाला देतो, त्यामुळे कीटकनाशक मारून हा प्रसार थांबत नाही. दूरचा प्रवास मात्र रोगट कलमकाड्यांतून होतो. रोगट झाडाच्या पानांवर फिकट कडी आणि पट्टे दिसतात, फळ वेडंवाकडं होऊन अवेळी गळतं. पण खात्रीची खूण फळाच्या आत असते: कोय धुऊन उजेडात धरली की तिच्या तपकिरी कवचावर फिकट, जवळजवळ पांढरी वर्तुळं दिसतात. एकदा झाड बाधित झालं की उपाय नाही. म्हणूनच इथे प्रतिकारक वाणाला पर्याय नाही.

मोनिलिनिया बुरशीचा फुलकरपा आणि फळकूज हा दुसरा. फुलोऱ्यात पाऊस आला की फुलं तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून राहतात, बुरशी देठातून काडीत उतरते, काडी वाळते आणि तिच्या बुडाशी डिंकाचा थेंब येतो. या रोगाला पूर्ण दाद न देणारा जर्दाळू माहीत नाही, कमी-जास्त सहनशीलता असते. ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने एका मार्करने (गुणाशी जोडलेल्या डीएनएच्या खुणेने) पकडता येत नाही.

स्यूडोमोनास सिरिंगे या जिवाणूचा खोडव्रण हिवाळा कडक असलेल्या भागात तरुण झाडं मारतो. पानांना गोल भोकं पाडणारा छिद्रकरपा पावसाळी वसंतात फळाची कातडी खराब करतो. युरोपात फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा पीतरोग ही आणखी एक डोकेदुखी. एक प्रकारची सिला कीड तो पसरवते आणि रोगट झाड भर हिवाळ्यात अवेळी पालवतं. याला सहनशील झाडं शोधायला कलम-चाचण्या वर्षानुवर्षं चालवाव्या लागतात. तो रोग तुमच्या भागात नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

पालक कोण

जर्दाळूचं जनुकीय वैविध्य भौगोलिक गटांत विभागलेलं आहे. फरगाना, हुंझा, लडाख या मध्य आशियाई पट्ट्यातल्या फळांत साखर भरपूर. झाडं बहुधा स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. तुर्कस्तानातल्या मालात्याचा हाजीहालिलोग्लू हा इराण-कॉकेशस गटातला, वाळवणासाठी नावाजलेला. युरोपीय गट त्यामानाने अरुंद, पण त्यात स्वफलनक्षमता मिळते. चिनी गटात वैविध्य प्रचंड.

शार्काचा प्रतिकार पैदासकारांना मिळाला तो उत्तर अमेरिकी वाणांत: स्टार्क अर्ली ऑरेंज, स्टेला, हार्लेन, गोल्डरिच, ऑरेंज रेड. (पुढे मध्य आशियातल्या रानटी झाडांतही तो आढळला.) या दात्यांचे अवगुण मात्र ठाऊक असायला हवेत. गोल्डरिचचं फळ मोठं, घट्ट, नारिंगी, पण आंबट. ऑरेंज रेडची थंडीची गरज (कळ्या नीट उमलण्यासाठी लागणारा हिवाळी गारवा) जबर. शिवाय यांतले बरेच वाण स्ववंध्य आहेत, म्हणजे बागेत सोबतीला परागदाता लावावाच लागतो.

थंडीची गरज हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. जर्दाळूच्या वाणांत ही गरज युटा पद्धतीच्या एककांत (हिवाळ्यातल्या थंड तासांच्या हिशेबात) मोजली तर साधारण ६०० पासून १२५० च्या वरपर्यंत पसरलेली आहे. सौम्य हिवाळ्याच्या जागी जास्त गरजेचा वाण लावला तर कळ्या उमलण्याआधीच गळतात. उलट कडाक्याच्या जागी कमी गरजेचा वाण लवकर फुलतो आणि उशिराच्या दहिवरात सापडतो. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी दहा टक्के फुलं उणे २.८ अंश सेल्सिअसला मरतात, नव्वद टक्के उणे ५.६ ला. संकराच्या संततीत थंडीची गरज आणि फुलण्याची तारीख दोन्ही पालकांच्या मधे कुठेतरी पडते आणि ती बरीच विश्वासाने पुढच्या पिढीत उतरते. त्यामुळे पालक निवडतानाच तुमच्या जागेच्या थंडीचं गणित सोडवून ठेवता येतं.

आता फलनाचं गणित. जर्दाळूत परागनलिका पुढे जाऊ द्यायची की अडवायची हे एस-स्थानावरची जनुकं ठरवतात. मादीझाडात जनुकाचं जे रूप म्हणजे अ‍ॅलील आहे तेच परागात असेल तर नलिका कुक्षीवृंतात अडते. गोल्डरिच, हारग्रँड आणि लाम्बर्टिन-१ हे तिन्ही वाण एस-१ एस-२ आहेत, म्हणून ते एकमेकांनाही फळवू शकत नाहीत. यांच्यात संकर करायला जाल तर अख्खा हंगाम फुकट. एस-सी हे अ‍ॅलील मात्र स्वफलनक्षम आहे, त्याचा पराग कुठेही अडत नाही. नर म्हणून एस-सी एस-सी असा शुद्ध वाण घेतला तर संततीतलं प्रत्येक रोप स्वफलनक्षम निघतं आणि एक अट चाचणीविना पूर्ण होते.

स्पेनमधल्या मुर्सिया इथल्या सेबास संस्थेने नेमकं हेच केलं. प्रतिकारक पण स्ववंध्य आणि जास्त थंडी मागणारा ऑरेंज रेड एका बाजूला, कमी थंडीत लवकर येणारा एस-सी शुद्ध स्थानिक कुर्रोत दुसऱ्या बाजूला. त्यातून रोहो पासिओन हा स्वफलनक्षम, शार्का-प्रतिकारक, लवकर येणारा वाण निघाला. ग्रीसमध्ये स्टार्क अर्ली ऑरेंज आणि तिरिन्थोस यांच्या संकरातून लितो आला. नीट पाहिलं तर दोन्हीकडे साचा एकच: परदेशी प्रतिकार आणि त्या हवामानात मुरलेला स्थानिक वाण.

आणखी एक युक्ती. नराकडे शुद्ध एस-सी नसेल, समजा एस-सी एस-२ असेल, तर एस-१ एस-२ मादी घ्या. नराचा एस-२ पराग अडेल, एस-सी परागच पुढे जाईल आणि पुन्हा सगळी संतती स्वफलनक्षम मिळेल. अपवाद कनीनो हा वाण. त्याच्यात एस-स्थानाबाहेर, तिसऱ्या गुणसूत्रावर एक उत्परिवर्तन आहे, त्यामुळे त्याचा एस-२ परागही निसटतो. कनीनो नर असेल तर या युक्तीवर विसंबू नका.

दोन्ही पालकांची विषाणू-तपासणी संकराआधी करून घ्या. प्रुनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट आणि प्रून ड्वार्फ हे विषाणू परागातून आणि बियांतून पसरतात. बाहेरून पराग किंवा काड्या मागवायच्या असतील तर विलगीकरणाचे नियम पाळूनच.

किती फुलं लागतील

उलटं मोजत या. समजा एका संकरातून फळं तपासायला १०० झाडं हवीत. प्रतिकारक पालकात प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत असेल (बहुतेक दात्यांत तसंच आहे) तर निम्मी रोपं मार्करवर बाद होतील. म्हणजे २०० रोपं हवीत. रोपवाटिकेत मर धरून २५० बिया रुजायला हव्यात. सगळ्या बिया रुजत नाहीत, म्हणून ३५० फळं. हाताने परागीकरण केल्यावर फळधारणा १५ टक्के धरली तर २,३०० च्या आसपास फुलं. थंडी-पावसात फळधारणा याहून बरीच घसरू शकते, म्हणून मी ३,००० फुलांची तयारी ठेवायला सांगेन. दहा संकरांत तीस-तीस रोपं करण्यापेक्षा दोन-तीन नीट विचार केलेल्या संकरांत शेकड्याने रोपं करावीत असं माझं मत आहे. चांगल्या चवीचं, मोठ्या आकाराचं, घट्ट गराचं आणि प्रतिकारक असं सगळं एकत्र आलेलं रोप शंभरात एखादंच असतं आणि तीस रोपांत ते सापडेलच असं नाही.

पराग गोळा करणं

कळी फुग्यासारखी फुगली, पाकळ्या रंगल्या, पण अजून मिटलेल्या, ही अवस्था बरोबर. उमललेल्या फुलात मधमाशी येऊन गेलेली असू शकते. अशा कळ्या तोडून परागकोश बारीक जाळीवर घासून वेगळे करा, गुळगुळीत कागदावर पातळ पसरा, २० ते २२ अंशांच्या कोरड्या खोलीत साधारण २४ तास ठेवा. कोश फुटून पिवळी भुकटी दिसते. ती छोट्या कुपीत भरा, कुपी सिलिका जेल असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, कुपीवर वाण आणि तारीख लिहा. फ्रिजमध्ये ४ अंशाला पराग काही आठवडे टिकतो, उणे २० ला पुढच्या हंगामापर्यंत.

नर वाण उशिरा फुलणारा असेल तर त्याच्या काड्या आठवडा-दोन आठवडे आधी कापून उबदार खोलीत, थोडी साखर घातलेल्या पाण्यात ठेवा. कळ्या लवकर फुगतात. मागच्या वर्षीचा साठवलेला पराग असेल तर हा खटाटोप वाचतो.

वापरण्याआधी उगवण तपासा: १० ते १५ टक्के साखर, १ टक्का आगर, चिमूटभर बोरिक अ‍ॅसिड असं माध्यम, त्यावर पराग भुरभुरून काही तास २२-२३ अंशांत. सूक्ष्मदर्शकात कणाच्या व्यासाहून लांब नळी आलेले कण मोजा. तीसेक टक्क्यांच्या खाली असेल तर तो पराग टाकून द्या. काही जर्दाळूंत नरवंध्यत्वाचं अप्रभावी जनुक असतं. परागकोश फिकट, सुकलेले, भुकटी नाहीच, असं दिसलं तर तो वाण नर म्हणून बाद.

नपुंसीकरण आणि परागीकरण

मादीझाडावरही फुग्याच्या अवस्थेतल्याच कळ्या घ्या. जर्दाळूच्या फुलात पाकळ्या आणि पुंकेसर दोन्ही एका पेल्यासारख्या भागाच्या काठावर बसलेले असतात आणि मधोमध एकटा स्त्रीकेसर असतो. त्यामुळे एकेक पुंकेसर चिमट्याने उपटत बसावं लागत नाही. अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख त्या पेल्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हलकेच रोवून वर ओढलं की पाकळ्या-पुंकेसरांसकट कडं निघून येतं आणि हिरवट, लवदार बुडाचा स्त्रीकेसर एकटा उभा राहतो. नख खोल गेलं तर बीजकोशावर ओरखडा पडतो. असं फूल तिथेच खुडून टाका, ते फळ धरणार नाही. हात बसला की तासाला काहीशे फुलं होतात.

प्रत्येक काडीवर कमजोर, उशिराच्या आणि आधीच उमललेल्या कळ्या काढून टाका, मोजक्याच ठेवा. पाकळ्या नसलेल्या फुलाकडे मधमाश्या सहसा फिरकत नाहीत, म्हणून अनेक पैदासकार पिशव्या बांधत नाहीत. आजूबाजूला पोळी असतील तर जाळी टाकलेली बरी. मादी स्ववंध्य असेल तर अख्खं झाड जाळीच्या तंबूत घालून नपुंसीकरणाशिवायही पराग लावता येतो. मी तरी महत्त्वाच्या संकराला हा आळस करणार नाही.

पराग दुसऱ्या दिवशी लावा आणि जमल्यास त्याच्या पुढच्या दिवशी परत. कुक्षीवर चकाकी आली की ती तयार. जर्दाळूची बीजांडं लवकर निकामी होतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. बोटाच्या टोकाने किंवा मऊ ब्रशने पराग टेकवा, घासू नका. नर बदलला की बोटं आणि ब्रश ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ओल्या अल्कोहोलने नवा परागही मरतो. फांदीवर टॅग: मादी, नर, तारीख, फुलांची संख्या.

फळापासून रोपापर्यंत

फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, पक्ष्यांसाठी जाळी लावा. गर काढून कोय धुवा, सावलीत वाळवा, शिवणीवर पकडीने दाब देऊन फोडा. हातोडीने बी चेचली जाते. बी निर्जंतुक करून २४ तास भिजवा, मग थायरम किंवा कॅप्टन हे बुरशीनाशक चोळून ओलसर परलाइटमध्ये ४-५ अंशांवर ८ ते १२ आठवडे ठेवा. ओल म्हणजे मुठीत दाबल्यावर थेंब न गळणारी. आठवड्यातून एकदा पिशवी उघडा, कुजलेलं बी काढा. मूळ सेंटिमीटरभर आलेलं बी लगेच ट्रेमध्ये हलवा, बाकीच्यांना थंडीतच राहू द्या.

फार लवकर पिकणारा वाण मादी म्हणून घेतला तर एक अडचण उभी राहते. फळ पिकतं तेव्हा गर्भ अजून कोवळाच असतो आणि अशी बी थंडीत कुजते. मग प्रयोगशाळेत गर्भ काढून माध्यमावर वाढवावा लागतो. ती सोय नसेल तर लवकरचा वाण नर करा आणि उशिराचा मादी. स्ववंध्य-स्वफलनक्षमच्या हिशेबातही हीच दिशा सोयीची पडते, कारण प्रतिकारक दाते बहुधा स्ववंध्य असतात.

प्रत्येक रोपाला कायमचा क्रमांक द्या: वर्ष, संकर, रोप. ‘२५-गोकु-०४७’ असा क्रमांक पंधरा वर्षांनीही वाचता येतो. शाईचा टॅग दोन पावसाळेही टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कोरून लावा आणि शेताचा नकाशा वेगळा ठेवा.

पहिली गाळणी: पानातला डीएनए

रोपाला चार-पाच पानं आली की एक कोवळं पान तपासणीला पाठवा. शार्का-प्रतिकाराचा मुख्य भाग पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि झेडपी-००२ सारखे मार्कर त्या भागातून डीएनएची पाच अक्षरं गळाल्याचं पीसीआर या डीएनए-चाचणीने दाखवतात. प्रत्येक खेपेला प्रतिकारक पालक, संवेदनशील पालक आणि नुसतं पाणी असे तीन नमुने सोबत चालवा. त्याच डीएनएवर एस-अ‍ॅलीलही पाहून घ्या. त्यातून स्वफलनक्षमता तर कळतेच, शिवाय रोप खरंच त्या संकराचं आहे का तेही कळतं. नराचं एकही अ‍ॅलील नसलेलं रोप म्हणजे भलताच पराग. प्रतिकाराचं अ‍ॅलील नसलेली रोपं याच टप्प्यावर, कुंडीतच संपवा. शेतात एक झाड चार वर्षं पोसण्याच्या तुलनेत पीसीआरचा खर्च किरकोळ आहे.

मात्र मार्कर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रतिकाराचे सगळे मार्कर असूनही शार्काला बळी पडलेली झाडं नोंदली गेली आहेत. मार्कर बहुतेक निरुपयोगी रोपं बाजूला काढतो, पण वाण जाहीर करण्याआधी प्रत्यक्ष विषाणूची चाचणी टाळता येत नाही.

शेतात

उरलेली रोपं स्वतःच्या मुळांवर, ओळींत ४ मीटर आणि रोपांत १ मीटर अंतरावर लावा. छाटणी जवळजवळ करू नका, छाटलेलं झाड उशिरा फुलतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं दिसू लागतात.

बुरशीनाशकांबद्दल माझा आग्रह आहे की मूल्यमापनाच्या वर्षांत ती मारू नयेत, निदान अर्ध्या ओळींत तरी. औषधाच्या आडोशाला वाढलेलं झाड प्रतिकारक आहे की नाही हे कसं कळणार? दर वीसेक झाडांमागे एक अतिसंवेदनशील ओळखीचा वाण लावा. त्या वर्षी त्याच्यावरच रोग आला नाही तर इतरांच्या निरोगीपणाला अर्थ नाही, त्या वर्षीच्या नोंदी बाजूला ठेवा. नोंदी ० ते ५ अशा अंकांत, दर वर्षी त्याच अवस्थेत आणि शक्यतो एकाच माणसाने घ्याव्यात.

फुलकरप्यासाठी पावसावर अवलंबून राहायचं नसेल तर काड्यांची चाचणी करा. उमलत्या फुलांच्या काड्या पाण्यात उभ्या करा, मिलिलिटरला लाखभर बीजाणू असलेलं द्रावण फवारा, २० अंशांवर प्लॅस्टिकखाली दमट ठेवा आणि आठवड्याने देठातून काडीत उतरलेल्या तपकिरी पट्ट्याची लांबी मोजा. फुलं सगळ्यांचीच करपतात. फरक दिसतो तो काडी किती वाळली यात. खोडव्रणासाठी हिवाळ्यातल्या काड्यांवर जिवाणू टोचून, एकदा गोठवून-वितळवून अशीच लांबी मोजतात, कारण गोठण्याच्या जखमांतून तो जिवाणू जास्त आत शिरतो.

फळाची पारख

पहिल्या बहराला भुलू नका. झाडावर दहा-पंधराच फळं असली की प्रत्येक फळ मोठं आणि गोड लागतं. भरलेल्या झाडावरची निदान दोन वर्षांची फळं पाहिल्याशिवाय निवड पक्की करू नये.

झाडामागे २०-२५ फळं, एकाच पक्वतेची. वजन, कोयीचं वजन, कोय सुटी होते की गराला चिकटते, सालीचा आणि गराचा रंग, लाली, पेनेट्रोमीटरने घट्टपणा, रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), टायट्रेशनने आम्लता. ताज्या फळासाठी मी १३-१४ ब्रिक्सच्या खाली जाणार नाही, वाळवणासाठी २० च्या वर हवेत. ब्रिक्सचा आकडा एकटा मात्र फसवा असतो. १४ ब्रिक्सचं फळ आम्ल जास्त असेल तर आंबट लागतं आणि आम्ल फारच कमी असेल तर फिकं. गुणोत्तर पाहा, आणि सोबत सुगंध, तो कुठलंच यंत्र नीट मोजत नाही. चाखणाऱ्यांना क्रमांक सांगू नका, मधे दोन ओळखीचे वाण घुसवा.

जर्दाळू इथिलीन सोडत पिकतो आणि झपाट्याने मऊ पडतो. म्हणून दुसरा नमुना १ अंशावर दोन आठवडे ठेवून मग दोन-तीन दिवस २० अंशांवर आणून कापा. काहींचा गर कोयीभोवती काचेसारखा, जेलीसारखा झालेला दिसतो. असा वाण स्थानिक विक्रीला चालेल, लांबच्या प्रवासाला नाही. पावसानंतर साल तडकते का हेही त्या वर्षांतच लिहून ठेवा.

शंभर झाडांतून दोन-तीन उरली तर समाधान माना. एकही उरलं नाही तरी संकर वाया गेला असं नाही. प्रतिकारक, ठीकठाक फळाचं झाड पुढच्या पिढीचा पालक होतं, आणि तेव्हा त्याच दर्जेदार वाणाशी परत संकर न करता वेगळ्या दर्जेदार वाणाशी करा, म्हणजे जवळच्या रक्ताचा तोटा टळतो. खरी चांगली फळं बहुधा या दुसऱ्या पिढीतच मिळतात. पहिल्या पिढीतला दात्याचा आंबटपणा सहज जात नाही.

खरी परीक्षा

निवडलेल्या झाडांचे डोळे काढून दोन-तीन खुंटांवर भरा आणि किमान दोन-तीन हवामानांत, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा झाडं, प्रचलित वाणांच्या शेजारी लावा. मायरोबालन प्लमच्या खुंटावर काही जर्दाळू वरून छान दिसतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात जोडावर कडकन मोडतात. म्हणून जोड दर वर्षी बोटाने चाचपा: फुगवटा, साल-भेग, डिंक.

याच काळात शार्काची प्रत्यक्ष चाचणी. ती उघड्या शेतात करायची नाही. परवाना असलेल्या, मावा शिरू न शकणाऱ्या जाळीघरातच. प्रचलित पद्धत अशी: जीएफ-३०५ नावाची पीचची रोपं या विषाणूला अतिसंवेदनशील असतात. ती आधी बाधित करतात, लक्षणं पक्की दिसली की त्यांच्यावर तपासायच्या जर्दाळूचा डोळा भरतात. मग रोपं सुमारे दोन महिने ७ अंशांच्या अंधाऱ्या शीतखोलीत ठेवून कृत्रिम हिवाळा देतात, बाहेर काढून नवी पालवी तपासतात, एलायझा आणि आरटी-पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या चाचण्या करतात. असे तीन-चार फेरे. खुंटाच्या पीचवर लक्षणं आहेत आणि वरच्या जर्दाळूत विषाणूचा मागमूस नाही, हे प्रत्येक फेऱ्यात आणि चाचणीतल्या सगळ्या रोपांत दिसलं तरच ‘प्रतिकारक’ लिहा. लक्षणं नाहीत पण विषाणू सापडतो, त्याला ‘सहनशील’ म्हणतात. असं झाड शेजारच्या बागेसाठी छुपा स्रोत ठरतं, म्हणून मी ते नाकारेन. शक्य असेल तर विषाणूच्या डी आणि एम या दोन्ही प्रकारांवर चाचणी घ्या. आजचे बहुतेक प्रतिकारक वाण पहिल्या गुणसूत्रावरच्या एकाच भागावर उभे आहेत. तो भेदणारा विषाणू निघाला तर सगळेच एकदम कोसळतील. दुसऱ्या उगमाचा प्रतिकार त्यात मिसळण्याचं काम त्यामुळे आत्ताच सुरू करायला हवं.

नोंदणी आणि मातृवृक्ष

नोंदणीसाठी वाण इतरांपेक्षा वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. नव्या वाणांच्या संरक्षणासाठीच्या युपोव्ह या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या आवृत्तीनुसार फळझाडांना किमान २५ वर्षांचं संरक्षण मिळतं. मात्र अर्जाच्या देशात विक्री सुरू होऊन एक वर्षाहून जास्त किंवा इतर देशांत सहा वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर वाण नवा धरला जात नाही. चाचणीच्या काड्या ओळखीच्यांना देताना लेखी करार करा, नाहीतर विक्री कधी सुरू झाली यावरच वाद उभा राहतो.

मूळ झाडाच्या काड्यांपासून केलेली निदान दोन कलमं विषाणूमुक्त असल्याची खात्री करून जाळीघरात, कुंडीत ठेवा आणि रोपवाटिकांना डोळे फक्त तिथूनच द्या. त्या कलमांची विषाणू-तपासणी दर वर्षी वसंतात करायची आणि एखादं जरी बाधित निघालं तरी त्या वर्षीचं डोळेवाटप थांबवायचं.